सर्व्हर डाऊन असताना वाचायच्या विनोदी साइट्स: काउंटरमागून एक आढावा

अमळनेरला माझं ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, सातबारा, पीक विमा, केवायसी, पासपोर्ट फोटो, जे म्हणाल ते. या धंद्यात निम्मा वेळ काम चालतं आणि निम्मा वेळ पडद्यावर ते गोल चक्र फिरत असतं. समोर माणसं ताटकळलेली, बाहेर ऊन पंचेचाळीसला टेकलेलं आणि ओटीपीचा पत्ता नाही. अशा वेळी मी बाजूच्या टॅबमध्ये विनोदी साइट उघडते. चिडून प्रिंटरवर हात आपटण्यापेक्षा ते बरं, प्रिंटर आपल्याच पैशाचा असतो.

हा आढावा जोक्सच्या साइट्सचा नाही. नवरा-बायको, गण्या-बंड्या ज्यांना हवे असतील त्यांच्या मोबाइलवर ते आपोआप येतच असतात. मला शोधायच्या होत्या त्या वेगळ्या: खोटी बातमी खऱ्या थाटात छापून खरं बोलणाऱ्या, राजकारण्यांची आणि आपली सगळ्यांचीच फिरकी घेणाऱ्या. माझी मापं साधी आहेत. वाचताना मी एवढी हसले का, की काउंटरवरच्या माणसाने कागदातून मान वर काढली? साइट आमच्या इंटरनेटवर उघडते का? आणि ही गंमत आहे हे त्या साइटवर कुठेतरी सरळ लिहिलंय का? हे तिसरं माप सगळ्यात महत्त्वाचं. का, ते पुढे येईलच.

आधी शोधण्याबद्दल. गुगलवर ‘मराठी विनोदी वेबसाइट’ टाकून बघा. पहिल्या पानावर जे येतं त्याला मी दहापैकी शून्य देते. ‘100 हून अधिक धमाल जोक्स’ अशी पानं, सगळीकडे तेच जोक्स, त्याच चुकांसकट. एका पानावर ‘बायको’चं ‘बायाको’ झालं की दहा पानांवर ‘बायाको’. दोन ओळी वाचायच्या, की मध्ये वजन कमी करायची जाहिरात. आणखी दोन ओळी, की पडदाभर लाल पाटी: तुमच्या फोनमध्ये व्हायरस सापडला.

यापेक्षा वाईट म्हणजे ती छोटी खिडकी, ‘नोटिफिकेशन पाठवू का’ विचारणारी. लोक सवयीने ‘अलाऊ’ दाबतात. फॉर्म भरताना दहा वेळा ‘अलाऊ’ दाबायला आम्हीच तर शिकवलंय त्यांना. मागे पातोंड्याकडचे एक दादा आले. फोन काउंटरवर ठेवला, म्हणाले, “ताई, हा भो दर पाच मिनिटाला बोंबलून राह्यला. दुकानात नेला तर तो म्हणे फॉरमॅट मार, पाचशे रुपये.” बघते तर वर नोटिफिकेशनची रांग. लॉटरी लागली, बॅटरी फुगली, खातं बंद होणार, आणि मधूनच एक जोक. क्रोममध्ये वर उजवीकडे तीन ठिपके, मग सेटिंग्ज, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी दिलेल्या साइट्सची यादी दिसते. एकेकीवर जाऊन ब्लॉक. दोन मिनिटांचं काम. त्यांच्या यादीतल्या बहुतेक साइट्स जोक्स, राशिभविष्य आणि स्टेटसच्या. फॉरमॅट वगैरे काही लागलं नाही. दादा खूश झाले आणि जाताना म्हणाले, “पण तो जोक चांगला होता.” तर असो.

2006 च्या सुमारास याच जागेत माझा सायबर कॅफे होता. तेव्हा साइट शोधणं हे वेगळंच प्रकरण होतं. डीमॉझ नावाची एक मोठी सूची होती. 1998 साली सुरू झालेली, स्वयंसेवक संपादकांनी हाताने लावलेली. तिच्यात मनोरंजनाच्या कप्प्यात विनोदाचा वेगळा कप्पा होता आणि त्यात पुन्हा उपरोध, विडंबन असे पोटकप्पे. माणसाने बघून लावलेली यादी असल्यामुळे कचरा कमी. ती 2017 साली बंद झाली. दुसरं माझं आवडतं स्टंबलअपॉन. आपल्या आवडी टिकमार्क करून ठेवायच्या आणि बटण दाबायचं, की ते जगातलं कुठलं तरी एक पान समोर आणून टाकायचं. पोरं गेम खेळायची आणि मी कोपऱ्यातल्या मशीनवर ते बटण दाबत बसायची. तेही 30 जून 2018 ला बंद झालं. आता आपल्याला काय आवडतं ते कंपनीच ठरवते आणि एकदा का मांजराचा व्हिडिओ पूर्ण पाहिला, की महिनाभर मांजरंच.

मराठीचं तर तेव्हा विचारूच नका. प्रत्येक वर्तमानपत्राच्या साइटचा फॉन्ट वेगळा. फॉन्ट टाकला नसेल तर अग्रलेखाच्या जागी नुसती चिन्हं आणि कंस दिसायचे. युनिकोड रुळलं तेव्हा कुठे मराठीत शोधता यायला लागलं.

आज मी शोधते ती पद्धत अशी. विकिपीडियावर उपरोधिक बातम्यांच्या साइट्सची यादी आहे, तिथून सुरुवात. नुसत्या गुगलवर जायचं असेल तर नको असलेल्या शब्दाआधी वजाचं चिन्ह लावायचं: विनोदी लेख, मग वजा जोक्स, वजा स्टेटस, वजा शायरी. चिन्ह आणि शब्द यांच्यात जागा सोडायची नाही. एवढ्याने निम्मा गाळ खाली बसतो. एखादा शब्दसमूह जसाच्या तसा हवा असेल तर अवतरणचिन्हात. आणि साइट उघडली की आधी खाली जाऊन ‘आमच्याबद्दल’ वाचायचं. जी साइट स्वतःबद्दल एक ओळही लिहीत नाही, तिथे मी थांबत नाही. आमच्याकडे फॉर्मवर अर्जदाराची सही नसेल तर तो परत जातो. साइटला तरी वेगळा नियम कशाला?

आता एकेक साइट.

द ओनियन. (आधीच सांगते, याचा लासलगावच्या भावाशी काही संबंध नाही.) माझ्या पुण्याच्या भाच्याने ही साइट दाखवली. 1988 साली अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन गावी दोन विद्यार्थ्यांनी साप्ताहिक म्हणून काढलं. 1996 ला वेबसाइट आली. 2013 मध्ये छापील अंक बंद पडला आणि नवे मालक आल्यावर 2024 च्या ऑगस्टपासून पुन्हा छापायला लागले. इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतं, आणि आमच्याकडेही बऱ्यापैकी चटकन उघडतं.

इंग्रजी फार अवघड नाही. खरी गंमत मथळ्यात असते. खालचा मजकूर अगदी वार्ताहराच्या थाटात: अमुक सूत्रांच्या माहितीनुसार, तमुक अधिकाऱ्याने सांगितले. एक शब्दही हसरा नसतो, म्हणूनच हसू येतं. आपल्या तालुका पानांवरच्या ‘मान्यवरांच्या शुभहस्ते’ छापाच्या बातम्या वाचून मोठी झाल्यामुळे मला ती शैली ओळखीची वाटली. फरक इतकाच, की तालुका पानावर ते गंभीरपणे लिहिलेलं असतं.

यांच्या बातम्या खऱ्या समजून कोण कोण फसलं हे वाचणं हा वेगळाच उद्योग आहे. 2002 साली बीजिंगच्या एका सांजवर्तमानपत्राने यांची बातमी उचलली, की अमेरिकेची संसद नवीन इमारत मागतेय, नाहीतर गाव सोडून जाऊ म्हणतेय. 2009 मध्ये बांगलादेशच्या दोन वर्तमानपत्रांनी छापलं, की नील आर्मस्ट्राँगलाच आता पटलंय की आपण चंद्रावर गेलो नव्हतो. मग माफी मागितली. 2012 मध्ये ओनियनने उत्तर कोरियाच्या किम जोंग उनला जगातला सगळ्यात देखणा पुरुष ठरवलं, तर चीनच्या पीपल्स डेलीच्या साइटने ते मनावर घेतलं आणि सोबत पंचावन्न फोटोंची माळ लावली. पंचावन्न! कुणीतरी बसून ते निवडले असणार, क्रम लावला असणार, साहेबांना दाखवले असणार. आणि 2015 मध्ये फुटबॉलच्या जागतिक संघटनेचे माजी उपाध्यक्ष जॅक वॉर्नर यांनी स्वतःच्या बचावासाठी व्हिडिओ काढला, त्यात पुरावा म्हणून ओनियनची बातमी हातात धरली.

पण या साइटवरची जी बातमी माझ्या डोक्यातून जात नाही, तिला मी हसले नाही. 2014 पासून, अमेरिकेत कुठे बेछूट गोळीबार होऊन माणसं मेली की ते एकच बातमी पुन्हा छापतात. मजकूर तोच. फक्त गावाचं नाव, मेलेल्यांचा आकडा आणि बोलणाऱ्या रहिवाशाचं नाव बदलतं. मथळ्याचा आशय असा, की ज्या एकाच देशात हे नेहमी घडतं तो देश म्हणतो, हे टाळण्याचा काही उपायच नाही. पहिल्यांदा वाचलं तर बरं लिहिलंय एवढंच वाटतं. पाचव्यांदा तेच, अक्षरन् अक्षर तेच वाचलं, की पोटात गोळा येतो. नवीन काही न लिहिता एवढं बोलता येतं हे मला तिथे कळलं. मग आपल्याकडची दरवर्षीची ‘पंचनामे तातडीने करण्याचे आदेश’ ही बातमी आठवली. तिचंही तसंच आहे, फक्त छापणाऱ्याला ते ठाऊक नसतं.

ओनियनला दहापैकी नऊ. एक कापला, कारण अमेरिकेतली कोण सिनेटर, कोण टीव्हीवाला हे माहीत नसेल तर निम्म्या बातम्या डोक्यावरून जातात.

आता ते तिसरं माप. ओनियनवाल्यांचं याबाबत माझ्या नेमकं उलट म्हणणं आहे, आणि ते त्यांनी थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात मांडलं. ओहायो राज्यातल्या पार्मा गावात अँथनी नोव्हॅक नावाच्या माणसाने 2016 साली पोलिसांच्या फेसबुक पानाची नक्कल करणारं थट्टेचं पान काढलं. पोलिसांनी त्याला पकडलं, खटला झाला, तो निर्दोष सुटला आणि मग त्याने पोलिसांवर दावा लावला. 2022 मध्ये हे प्रकरण सुप्रीम कोर्टापुढे गेलं तेव्हा ओनियनने त्याच्या बाजूने निवेदन दिलं. कोर्टाचा कागद, पण लिहिलाय त्यांच्याच पद्धतीने. सुरुवातीलाच थाप, की आमचे रोजचे वाचक 4.3 लाख कोटी. त्यातला मुद्दा मात्र पक्का: विडंबन आधी खरं वाटावं लागतं, मग वाचणाऱ्याला उमजतं आणि तो हसतो. वरच ‘ही गंमत आहे’ अशी पाटी लावली तर राहिलं काय? 2023 च्या सुरुवातीला कोर्टाने प्रकरण ऐकायला नकार दिला, पण कागद वाचण्यासारखा आहे.

मुद्दा मला पटतो. पण तो अमळनेरला लागू करून बघा. फेसबुकने 2014 मध्ये अशा बातम्यांपुढे ‘उपरोध’ अशी चिठ्ठी लावून पाहिली होती, म्हणजे तिकडेही हा घोळ होताच. तिकडे निदान माणूस साइटवर जाऊन वाचतो. वर नाव असतं, बाजूला आणखी दहा अचाट बातम्या असतात, अंदाज येतो. आपल्याकडे साइट कोण उघडतं? स्क्रीनशॉट येतो. त्यातही वरचं नाव कापलेलं, खालची तारीख कापलेली. मध्ये उरते ती नुसती थाप.

याचा अनुभव मी घरबसल्या घेतला. दुकानाच्या दारात एक पांढरा फळा आहे, ‘आज सर्व्हर चालू / बंद’ लिहायला. ओनियनची लागण झाल्यावर मी त्यावर रोज एक थाप लिहायला लागले. एक दिवस लिहिलं: ‘सर्व्हरची वाट पाहत उभे राहणाऱ्या नागरिकांस खुर्ची भत्ता, दररोज 11 रुपये. अर्ज उभे राहूनच भरावा.’ खाली बारीक अक्षरात: ‘थाप आहे. हसा आणि रांगेत राहा.’ संध्याकाळपर्यंत फळ्याचा फोटो माझ्याच भिशीच्या ग्रुपवर आला. खालची ओळ गायब. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर करतेय तोच एक आजी पिशवीत आधार कार्ड, रेशन कार्ड आणि बँकेचं पासबुक घेऊन हजर. “हाऊ भत्ता कवय भेटी व माय?” त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, अकरा रुपये म्हणजे खरंच वाटलं, हजार म्हणाली असतीस तर आलेच नसते.

तेव्हापासून ‘थाप’ हा शब्द मी फळ्यावर आडवा, मोठ्या लाल अक्षरात, मजकुराच्या मधून लिहिते. कापायचा तर बातमीही कापावी लागेल. हसू थोडं कमी होतं, मान्य. पण आजींची रिक्षा वाचते. ओनियनवाल्यांनी पुढच्या कोर्टाच्या कागदात याचा विचार करावा.

आणि आजींना तरी नावं कुठल्या तोंडाने ठेवायची? नोटाबंदीत, 2016 साली, दोन हजारांच्या नोटेत चिप असल्याचं टीव्हीवाल्यांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं होतं. ती थाप खरी मानली गेली. उलट 2023 च्या खरिपाला एक रुपयात पीक विमा आला तेव्हा माझ्या काउंटरवर लोक हसत होते, “ताई, सकाळपासून कोणी भेटलं नाही का?” ते मात्र खरं होतं. आणि आमच्या गावाचंच घ्या. देशातली एवढी मोठी सॉफ्टवेअर कंपनी विप्रो, ती 1945 साली अमळनेरला वनस्पती तूप करायला निघाली, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो आधी तोंडाकडे बघतो. नेथन पो नावाच्या माणसाने 2005 मध्ये इंटरनेटवर एक निरीक्षण टाकलं होतं, तेच पुढे पोचा नियम म्हणून प्रसिद्ध झालं: खाली हसरा चेहरा काढला नसेल, तर टोकाच्या मताची थट्टा आणि टोकाचं मत यांतला फरक कोणाला तरी नक्कीच कळणार नाही. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, या माणसाने आमचा फॅमिली ग्रुप बघितलाय.

दुसरी साइट एक्सकेसीडी. ही बातम्यांची नाही, चित्रांची. 2005 पासून रँडल मनरो नावाचा माणूस, जो आधी नासासाठी काम करायचा, आठवड्यातून तीनदा, सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी, काड्यांची माणसं काढून एक पट्टी टाकतो. नाक-डोळे काही नाही. गणित, भौतिकशास्त्र, कॉम्प्युटर आणि मधूनच प्रेम. जाहिरातींचा धबधबा नाही, खिडक्या उघडत नाहीत, सर्व्हर रडत असतानाही उघडते. चित्रावर माउस नेऊन ठेवला की आणखी एक वाक्य उमटतं आणि पुष्कळदा खरा फटका त्यात असतो. मोबाइलवर माउस नाही, म्हणून मोबाइलच्या पानावर त्यासाठी वेगळी जागा दिलीय, तिथे बोट लावायचं. हे ठाऊक नसल्याने लोक अर्धा विनोद वाचून परत जातात. ‘रँडम’ बटणही आहे. स्टंबलअपॉनची तेवढीच तहान भागते.

यातली एक पट्टी मी प्रिंट काढून, लॅमिनेट करून मॉनिटरच्या मागे लावलीय, गिऱ्हाइकाला नाही, मला दिसेल अशी. मनरोने धंद्यासाठी नसलेल्या वापराला नाव देऊन परवानगी दिलेली आहे, त्यामुळे मनाला टोचणी नाही. शाळेतून आईला फोन येतो: आमचा कॉम्प्युटर गडबडलाय, तुम्ही मुलाचं नाव खरंच असं ठेवलंय का? तर मुलाच्या नावातच विद्यार्थ्यांचा सगळा तक्ता पुसून टाकायचा कॉम्प्युटरी हुकूम लिहिलेला असतो. शाळेने नाव जसंच्या तसं भरलं आणि वर्षाच्या नोंदी साफ. आई शांतपणे सांगते, आता तरी आलेला मजकूर तपासून आत घ्यायला शिका.

ही पट्टी पाहून मी केवढी हसले म्हणून सांगू. आमचं दुःख उलट्या बाजूचं आहे. इथे पोर्टल एवढं तपासतं, एवढं तपासतं, की नावात टिंब आलं तर लाल, दोन शब्दांमध्ये जागा जास्त पडली तर लाल, आधारवर ‘ज्ञानेश्वर’चं इंग्रजी स्पेलिंग एक आणि बँकेत दुसरं, तर सरळ बाद. एका नावाची चार स्पेलिंगं घेऊन माणूस दुकानात येतो आणि विचारतो, यातला मी कोणता? सगळा तक्ता पुसणारा तो पोरगा आमच्या पोर्टलपुढे नावाच्या रकान्यातच अडकला असता. काउंटरवरच्या तीन माणसांनी तेव्हा मान वर केली होती. दहापैकी दहा.

बाकीच्या भराभर. जर्मनीचं डेर पोस्टिलॉन, 2008 पासूनचं, मी भाषांतराच्या बटणावर वाचलं. मथळे टिकतात, मजकुराचा भुगा होतो. ब्रिटनचं डेली मॅश, 2007 चं, हवामान आणि शेजारी यांच्यावर फार छान लिहितं, बाकी शिव्या जास्त. अमेरिकेतलंच बॅबिलोन बी, 2016 चं, ओनियनच्या विरुद्ध बाजूच्या राजकारणातलं. एकाच बाजूला टपल्या मारणाऱ्या कुठल्याही साइटसारखं काही दिवसांनी पुढची टपली आधीच दिसायला लागते.

आपल्या देशात इंग्रजीमध्ये फेकिंग न्यूज राहुल रौशन यांनी 2008 मध्ये सुरू केलं. 2011 मध्ये द अनरिअल टाइम्स आलं. दोन्हींच्या जुन्या बातम्यांत ट्रॅफिक, क्रिकेट, इंजिनिअरिंगची पोरं आणि टीव्हीवरची आरडाओरड यांच्यावर झकास लिहिलेलं आहे आणि माणसं ओळखीची असल्याने एकही डोक्यावरून जात नाही. राजकारण तापलं तशी थट्टा मात्र अरुंद होत गेली, असं माझं मत.

आणि मराठी? 2024 च्या फेब्रुवारीत 97 वं साहित्य संमेलन आमच्या गावात भरलं तेव्हा माझ्या दुकानात झेरॉक्सला आलेल्या दोघा-तिघा लिहित्या माणसांना मी हेच विचारलं होतं: ओनियनसारखी मराठी साइट सांगा. एकाने चहा पाजला, साइट कोणी सांगितली नाही.

म्हणजे माल नाही असं नाही, माल दणदणीत आहे. सकाळच्या साइटवर ब्रिटिश नंदी यांचं ‘ढिंग टांग’ वाचा. मोठमोठे नेते घरात, फोनवर, कोपऱ्यात काय बोलत असतील ते संवादातून, आणि एकेकाची बोलायची ढब अशी उचललेली, की नाव न वाचता माणूस ओळखावा. लोकसत्ताच्या संपादकीय पानावरचा ‘उलटा चष्मा’ कालच्याच खऱ्या बातमीला धरून पुढची थाप रचतो; आमच्या फळ्याच्या घराण्यातला, फक्त फळा मोठा. दोन्ही जागी वर सदराचं नाव असतं, म्हणजे माझं तिसरं माप पास. अडचण एवढीच, की ही सदरं वर्तमानपत्राच्या साइटच्या पोटात कुठेतरी असतात. सोन्याचा भाव, राशिभविष्य आणि मालिकेतल्या नायिकेची साडी ओलांडून तिथे पोहोचावं लागतं. मी सदराचं नाव आणि वर्तमानपत्राचं नाव असं दोन्ही टाकून शोधते, पहिल्या पानावरून चालत जात नाही.

भाडिपा, म्हणजे भारतीय डिजिटल पार्टी, 2016 पासून यूट्यूबवर आहे, चांगलं आहे, पण फार पुणे-मुंबई. आमच्याकडची आई वेगळ्या सुरात रागावते.

त्याची कसर अहिराणी कॉमेडीचे व्हिडिओ भरून काढतात. मालेगाव काही फार लांब नाही. तिथे सायकलवर कॅमेऱ्याची ट्रॉली करून हिंदी सिनेमांची विडंबनं काढणाऱ्यांची अख्खी परंपरा झाली, आणि तो वारा धुळे-जळगावकडे लागला असणारच. शेतातला बांध, सासू-सून, लग्नातला रुसलेला मामा, भरताच्या पार्टीत वांग्यांवरून झालेली भांडणं. अभिनय कधी कधी ओढूनताणून, मागचं संगीत कान फाडणारं, लांबी गरजेच्या दुप्पट. पण एखादा बाबा बांधावर बसून सरकारी योजनेचं नाव अहिराणीत असं काही उच्चारतो, की ती योजना तिथेच संपते. अशा व्हिडिओला ‘उपरोध’ची पाटी लागत नाही, बाबाचं तोंडच पुरतं. आठ गुण. आवाज कमी केला तर साडेआठ.

लिहिलेली अहिराणी थट्टा मात्र शोधून शोधून थोडीच सापडते, आणि सापडते तीही कोणाच्या नावाशिवाय फिरणारी. म्हणून भाच्याला म्हटलं, तू आयटीत आहेस, काढ की एक साइट, फळा मी पुरवते. त्याने डोमेन बघून ठेवलंय, वर्षाला हजाराच्या आत पडतं म्हणे. मी सांगितलं, पहिलं पान ‘आमच्याबद्दल’चं कर, त्यावर तुझं आणि माझं नाव टाक, बातम्या नंतर. “हो मावशी” म्हणाला. त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही. बहुतेक त्याचाही सर्व्हर डाऊन आहे.